मेंदूचा पक्षाघात आणि मावळातील बाळंतपण

गर्भाच्या किंवा नवजात बाळाच्या वाढत्या मेंदूला झालेली इजा स्वतः पुढे वाढत नाही, पण हालचाल, तोल आणि शरीराची ठेवण यांवर ती जन्मभराचा परिणाम करून जाते. अशा इजेतून उरणाऱ्या अवस्थेला वैद्यकशास्त्र सेरेब्रल पाल्सी म्हणते आणि मराठीत तिच्यासाठी मेंदूचा पक्षाघात हा शब्द रूढ आहे. हा एकच एक रोग नाही. एखाद्या मुलाचे स्नायू ताठ राहून पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, एखाद्याचे हात आणि मान इच्छेविरुद्ध पिळवटत राहतात, एखाद्याला तोलच सावरता येत नाही, आणि या तिन्हींच्या मागची कारणे अगदी वेगवेगळी असू शकतात. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला, तरी न चालणाऱ्या मुलाला खेड्यापाड्यांतून अजूनही ‘पोलिओ झालेला’ म्हटले जाते, आणि नावाचा हा गोंधळ वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. पोलिओला एक विषाणू होता आणि त्यावर एक लस होती, म्हणून त्याच्याविरुद्धची सगळी मोहीम दोन थेंबांच्या घोषणेत मावली. मेंदूच्या पक्षाघाताला तसे एक कारण नाही, त्यामुळे त्याच्या प्रतिबंधाची घोषणा होत नाही. आणि घोषणा नसलेल्या कामाची जबाबदारी शेवटी घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे बाळाच्या आईवर, येऊन पडते. ती जबाबदारी चुकीच्या जागी पडली आहे, आणि पुणे जिल्ह्यातील मावळासारख्या तालुक्यात ती खरोखर कोणाची आहे हे कारणे एकेक करून तपासली की स्पष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कारणांविषयीचा वाद जुना आहे. लंडनचे अस्थिशल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये तेथील प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात अशा मुलांचा संबंध अडलेल्या बाळंतपणाशी, अकाली जन्माशी आणि जन्मताना कोंडलेल्या श्वासाशी जोडला, आणि पुढे कित्येक वर्षे ही अवस्था ‘लिटलचा आजार’ या नावानेच ओळखली गेली. मनोविश्लेषणाचा जनक म्हणून जगाला माहीत असलेला सिग्मंड फ्रॉइड त्यापूर्वी मज्जाविकारांचा अभ्यासक होता, आणि १८९७ च्या आपल्या ग्रंथात त्याने लिटलच्या विरुद्ध बाजूने विचार केला: बाळंतपण अडले म्हणून मेंदू बिघडला असे दरवेळी समजू नये, कारण गर्भातच काही बिघडलेले असल्यामुळे बाळंतपण अडले, असेही असू शकते. फ्रॉइडचे हे म्हणणे जवळजवळ नव्वद वर्षे बाजूला पडून राहिले. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात पन्नास हजारांहून अधिक गर्भवतींची नोंद ठेवून त्यांच्या मुलांचा जो मागोवा घेतला गेला, त्याच्या आधारे कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की बहुसंख्य मुलांच्या बाबतीत जन्माच्या वेळी गुदमरणे हे मुख्य कारण ठरत नाही. दरम्यान पोटातील बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारी यंत्रे आली आणि सिझेरियनचे प्रमाण वाढत गेले, पण वेळेवर जन्मलेल्या बाळांमधील पक्षाघाताचे प्रमाण त्या मानाने हलले नाही. अकाली जन्म, गर्भातील संसर्ग, नाळेचे विकार, जुळेपणा, आणि अलीकडे उघड होत असलेले जनुकीय दोष अशी कारणांची यादी मागे, गर्भाच्या दिशेने, सरकत गेली.

हा निष्कर्ष ज्या देशांत निघाला तेथे तो बरोबर आहे, पण जशाच्या तसा इकडे आणला की तो घातक ठरतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या मनात ‘हे टळण्यासारखे नव्हतेच’ असा सोयीचा समज निर्माण करतो. जेथे प्रत्येक प्रसूतिगृहात श्वास देणारी व्यक्ती हजर असते, प्रत्येक मातेचा रक्तगट माहीत असतो आणि प्रत्येक बाळाची कावीळ मोजली जाते, तेथे टळण्यासारखी कारणे टळून गेल्यावर उरलेली यादी गर्भाच्या दिशेने झुकणार, यात नवल नाही. ज्या समाजात ही कारणे टाळण्याचे कामच अर्धवट राहिले आहे, तेथे उरणाऱ्या मुलांची यादी निराळी असते, आणि तेथे लिटलचे म्हणणे अजून जुने झालेले नाही.

उपायांच्या बाबतीतही अशी उसनवारी अंगाशी येऊ शकते, याचा धडा २०२१ मध्ये मिळाला. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर पहिल्या सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास सुमारे साडेतेहतीस अंशांवर ठेवले तर मेंदूची हानी कमी होते, असे श्रीमंत देशांतील चाचण्यांतून सिद्ध झाले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर हीच पद्धत काटेकोरपणे तपासली गेली, तेव्हा अपंगत्व कमी झाले नाहीच, उलट थंड केलेल्या बाळांमध्ये मृत्यू अधिक, म्हणजे ३१ टक्क्यांऐवजी ४२ टक्के, आढळले. या बाळांच्या मेंदूंच्या चित्रांत इजेचे स्वरूपही वेगळे होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत प्राणवायूची टंचाई जन्माच्या बऱ्याच आधीपासून, कळांच्या लांबलेल्या तासांत, रेंगाळत चालली असावी असा अर्थ त्यातून निघतो. बाळ जन्मल्यावर महागडे यंत्र लावून जे साधणार नाही ते त्याआधीच्या तासांत, साध्या देखरेखीने साधायचे आहे, हा त्या चाचणीने शिकवलेला धडा मावळाला नेमका लागू पडतो.

मावळ म्हणजे एका बाजूला द्रुतगती मार्ग, तळेगाव दाभाडेचे वैद्यकीय महाविद्यालय, लोणावळ्याची हॉटेले आणि पुण्याला तासा-दीड तासात पोहोचवणारी लोकल. आणि दुसऱ्या बाजूला आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तीन खोऱ्यांच्या टोकाशी असलेली गावे, ठाकरवाड्या आणि कातकरी वस्त्या, जेथून मुख्य रस्त्याला लागण्यातच बराच वेळ जातो. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग आषाढ-श्रावणात कोसळतो. त्याच दिवसांत शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी लोणावळ्याचे रस्ते तुंबतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. हा आकडा समाधानाचा आहे, पण बाळंतपण दवाखान्यात होणे आणि ते वेळेवर दवाखान्यात पोहोचून होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर कळांवर कोणी लक्ष ठेवणे ही तर तिसरीच गोष्ट आहे. ‘कळा येण्याचे इंजेक्शन’ म्हणून खेड्यापाड्यांत ओळखले जाणारे ऑक्सिटोसिन हे औषध योग्य हातांत जीव वाचवते. मात्र बाळाचे ठोके न मोजता, बाळंतपण लवकर उरकावे म्हणून ते दिले, तर गर्भाशय इतक्या जोराने आणि इतक्या लागोपाठ आवळते की दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळाला मिळायचा प्राणवायू मिळत नाही. यात आईचे काय चुकले, असे विचारल्यास उत्तर एकच येते: काहीही नाही.

जन्मलेले बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटात त्याला पुसून, कोरडे करून, पिशवी आणि मुखवटा यांच्या साह्याने हवा द्यावी लागते. ही पिशवी वीज न लागणारी, हाताने दाबायची, मुठीत मावणारी वस्तू आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील अल्पशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरगुती काळजी शिकवली, त्यात गुदमरलेल्या बाळाला श्वास देणेही होते, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. तो प्रयोग मृत्यूविषयी होता, पक्षाघाताविषयी नव्हता, ही मर्यादा ध्यानात ठेवूनही एवढे निश्चित म्हणता येते की जे काम गडचिरोलीच्या जंगलात गावातल्या स्त्रीच्या हातून होऊ शकते, ते पुणे जिल्ह्यात माणसांच्या किंवा पैशांच्या अभावी होत नाही ही सबब टिकत नाही.

तथापि श्वासापेक्षाही अधिक हळहळ वाटावी असे कारण कावीळ आहे, कारण ते जवळजवळ संपूर्णपणे टळण्यासारखे आहे. जुन्या तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. नवजात बाळाचे यकृत ते पुरेशा वेगाने निकालात काढू शकत नाही, म्हणून पुष्कळ बाळे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिवळी दिसतात आणि बहुतेक आपोआप सुधारतात. पण हे द्रव्य प्रमाणाबाहेर वाढले तर ते मेंदूच्या खोल गाभ्यात, हालचालींना वळण देणाऱ्या केंद्रांत, जाऊन साचते आणि तेथील पेशी मारते. अशा मुलाची बुद्धी पुष्कळदा शाबूत राहते, पण शरीर पिळवटत राहते, ऐकू कमी येते, शब्द उमटत नाहीत. सगळे समजत असून काहीच सांगता न येणारे मूल त्यातून उरते.

आता मावळातल्या बाळंतिणीची पावसाळ्यातली खोली पाहावी. वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या बंद, खिडकीला गोणपाट किंवा जुनी साडी, कोपऱ्यात शेगडीचा धूर, वर एक पिवळा बल्ब. बाहेर दहा-बारा दिवस सूर्याचे दर्शन नाही. दवाखान्यातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी आलेले बाळ या प्रकाशात पिवळे पडले तरी कोणाच्या डोळ्याला ते दिसणे कठीण, आणि सावळ्या कातडीवर तर अधिकच कठीण. बाळाला घातलेले झबले आणि गुंडाळलेले दुपटे थोरल्या भावंडाचे असते, कारण नवजात बाळाला जुने, धुऊन मऊ झालेले कापड घालावे ही आपल्याकडची समजूतदार रीत आहे. परंतु ते कापड वर्षभर ज्या ट्रंकेत होते तिच्यात मावळाच्या दमट हवेत कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. या गोळ्यांतील नॅफ्थॅलीन बाळाच्या श्वासातून आणि त्वचेतून आत जाते, आणि ज्या बाळाच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे संरक्षक विकर जन्मतः कमी असते, त्याच्या पेशी त्यामुळे भराभर फुटतात. कपडा प्रेमाने जपला गेला, गोळी काळजीने ठेवली गेली, खोली मायेने बंद केली गेली, आणि या तिन्हींच्या बेरजेतून एक मेंदू जळाला, असे घडू शकते. कपडे वापरण्यापूर्वी उन्हात टाकून धुवावेत आणि गोळ्यांचा वास असलेले कापड बाळाला मुळीच लावू नये, एवढे वाक्य बाळंतिणीला दवाखान्यातून सोडताना सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

पिवळ्या बाळाला कोवळ्या उन्हात ठेवा, हा सल्ला घरोघर मिळतो, आणि त्याच्या मागे खरे निरीक्षण आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५० च्या दशकात जीन वॉर्ड या परिचारिकेने बाळांना अंगणात उन्हात नेले असता उघड्या राहिलेल्या भागाचा पिवळेपणा उतरतो हे पाहिले, रक्ताची नळी उन्हात राहिल्याने तिच्यातील बिलिरुबिन घटल्याचेही तेथेच लक्षात आले, आणि १९५८ मध्ये निळ्या प्रकाशाच्या आजच्या उपचाराचा पाया घातला गेला. एका परिचारिकेच्या नजरेला इतके श्रेय देणारी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत. पण खिडकीतून येणारे ऊन हा मोजून दिलेला उपचार नव्हे, आणि लोणावळ्याच्या जुलैत तर ते ऊनही नसते. तेथे उन्हाची वाट पाहण्यात गेलेले दोन दिवस हेच मेंदूच्या हानीचे दोन दिवस ठरू शकतात. पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, याला त्याच दिवशी दवाखाना हाच उपाय आहे.

आशाताईंनी दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी भेटावे, अशी सरकारी योजनेची रचना आहे, आणि ती कावीळ हेरण्यासाठी उत्तम आहे. अडचण मराठी रीतीतच दडलेली आहे: पहिले बाळंतपण माहेरी होते, तर गर्भवतीची नोंद सासरच्या गावात असते. ती सातव्या महिन्यात माहेरी गेली की एका वहीतून निसटते आणि दुसऱ्या वहीत पोहोचेपर्यंत बाळ पाच दिवसांचे झालेले असते. तीच गोष्ट रक्तगटाची. आर-एच निगेटिव्ह मातेला पॉझिटिव्ह बाळ झाल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचे इंजेक्शन दिले नाही, तर पहिले बाळ बहुधा सुखरूप राहते आणि दुसऱ्याच्या तांबड्या पेशींवर आईच्याच रक्तातील प्रतिद्रव्ये हल्ला करतात; गर्भपातानंतरही हे इंजेक्शन लागते, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते, कारण गर्भपाताची गोष्ट घरातही दबक्या आवाजात बोलली जाते.

अकाली आणि कमी वजनाच्या बाळांविषयी पुणे जिल्ह्यालाच अभिमानाने सांगता येईल असा अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत घेतला. या मुलांची बुद्धी सरासरीने सर्वसाधारण मर्यादेत असली तरी पूर्ण वजनाच्या सोबत्यांपेक्षा कमी भरली आणि शाळेत गणितासारख्या विषयांत ती अडखळली. म्हणजे मेंदूची इजा केवळ न चालणाऱ्या मुलांत दिसते असे नाही, चालणाऱ्या कित्येकांतही ती वहीच्या पानावर उमटत राहते. अकाली कळा सुरू झाल्यावर मातेला दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन बाळाची फुप्फुसे सावरते, आणि फार लवकर होणाऱ्या प्रसूतीपूर्वी दिलेले मॅग्नेशियम सल्फेट पक्षाघाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटवते. दोन्ही औषधे स्वस्त आहेत. दुसरे तर गर्भवतीच्या झटक्यांवरचे औषध म्हणून प्रसूतिकक्षात ठेवलेलेच असते. जन्मल्यावर बाळाला छातीशी धरून ऊब देणे आणि पहिल्या तासात चीक पाजणे, यांनी रक्तातील साखर घसरून मेंदूला होणारी इजा टळते. चीक पिळून टाकून मध किंवा गुळाचे पाणी चाटवणे कमी झाले असले तरी संपलेले नाही.

या सगळ्या कारणांसमोर ग्रहणाची गोष्ट ठेवली की आईवरचा अन्याय उघडा पडतो. ग्रहणात गर्भवतीने विळीला हात लावला, सुई ओवली, झोप काढली, म्हणून मूल असे झाले, हे वाक्य ज्या स्त्रीने ऐकले आहे ती ते आयुष्यभर विसरत नाही. गर्भसंस्काराच्या नव्या, सुशिक्षित आवृत्तीतही हा धोका शिल्लक राहतो. लोणावळ्याच्या मनशक्ती केंद्रामुळे ही कल्पना या परिसराला चांगलीच परिचित आहे, आणि गर्भवतीने मन शांत ठेवावे, घरच्यांनी तिला जपावे, यात वावगे काहीच नाही. पण आईच्या विचारांनी मूल घडते असे एकदा मान्य केले, की मूल बिघडल्यास विचारांचा हिशेबही तिच्याकडेच मागितला जातो. डोहाळजेवणाला जमलेल्या पंचवीस बायका तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहून ‘सातव्यात येतेच सूज’ म्हणतात. ती सूज नुसतीच असते की रक्तदाब वाढल्याची खूण असते, हे पट्टा बांधून मोजल्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही, आणि तो पट्टा वाडीपर्यंत नेण्याचे काम त्या पंचवीसजणींपैकी कोणाचेही नाही.

एवढे सगळे केल्यावरही काही मुले या अवस्थेत जन्मतीलच, कारण फ्रॉइडची बाजूही खोटी नव्हती, आणि अशा घरांना ‘काय चुकले’ या प्रश्नातून मोकळे करणे हेही वैद्यकाचे कर्तव्य आहे. त्या मुलांसाठी महत्त्व आहे ते लवकर ओळखण्याला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रात, पालघर येथेच सुरू झाला आणि त्याची पथके अंगणवाड्यांतून मुले तपासतात. पण अंगणवाडीत पोहोचेपर्यंत गेलेला काळ परत मिळत नाही, कारण मेंदू नवी वाट काढायला सर्वांत तयार असतो तो पहिल्या दोन वर्षांत. घरात मात्र ‘याचा बापही उशिरा चालला’ असे म्हणून वर्ष काढले जाते. सातव्या-आठव्या महिन्यात बाळ खुळखुळा नेहमी डाव्याच हाताने धरते, तेव्हा घर कौतुकाने त्याला डावखुरा म्हणते; वस्तुतः वर्षाच्या आत एका हाताची अशी ठाम निवड दुसऱ्या हातातील दुबळेपणा सांगत असू शकते.

ही चिन्हे सर्वांत आधी ज्या व्यक्तीला जाणवतात तिचे नाव कोणत्याही योजनेत नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई पाय पसरून पाटावर बसते, बाळाला पोटऱ्यांवर घेते आणि तेल लावताना त्याचा हात न् हात, सांधा न् सांधा मोकळा करते. निदान सव्वा महिना, पुष्कळ घरांत तीन-चार महिने, रोज. तिच्या पायांवरून शेकडो बाळे गेलेली असतात. कोणाच्या मांड्या फाकत नाहीत, कोणाचा अंगठा मुठीत अडकून सुटत नाही, कोणाची मान चौथ्या महिन्यातही मागे लोंबते, कोणते बाळ हातात घेताच काठीसारखे ताठ होते आणि कोणते ओल्या कापडासारखे लुळे पडते, हे तिच्या हातांना एखाद्या नवख्या डॉक्टरच्या आधी कळते. बाळ ताठ लागते आहे असे ती आजीला म्हणते, आजी तेल बदलून पाहते, आणि पुढच्या महिन्यात ती बाई दुसऱ्या घरी जाते. कामशेत, कार्ले, वडगाव, पवनानगर अशा प्रत्येक भागात अशा बायका ठाऊक असलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या आहेत. त्यांना एका दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलावून पाच खुणा दाखवाव्यात, पिवळे बाळ दिवसाच्या उजेडात दारात नेऊन कपाळावर बोट दाबून कसे पाहायचे ते करून दाखवावे, आणि शंका आली तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तो क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा.